मागाच्या घरातले कान

गादीची खोळ अर्धी चढली होती. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला आत्या आणि मधे ती गादी, दोघींपैकी कोणाचंच न ऐकणारी. वहिनींचं म्हणणं पडलं की खोळ धुतल्यावर आटली. आत्याचं म्हणणं, खोळ बिचारी होती तेवढीच आहे, गादीच वयानं फुगली.

"वयानं फुगायला ती काय माणूस आहे, वन्सं?" वहिनी धापा टाकत म्हणाल्या.

"मी कुठे कोणाचं नाव घेतलं?"

तेवढ्यात गच्चीचा जिना दणाणला. टकमक पायऱ्या गाळत खाली उतरली, हातातला फोन दोघींच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आली तारीख. परवा सकाळी. उपाशीपोटी बोलावलंय."

वहिनींच्या हातून खोळीचं टोक सुटलं. गादी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पडून राहिली.

टकमक ही आत्याच्या थोरल्या भावाची एकुलती मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं ऐसपैस नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. पाळण्यात होती तेव्हापासून कोणी बोलायला लागलं की ही डोळे मोठे करून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तिच्या बापानं, दादानं, एकदा गमतीनं टकमक म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

तसं त्या घरात ते नवल नव्हतं. तळमजल्यावर यंत्रमाग आणि वर माणसं, असं ते घर. माग चालू असले की फडताळातल्या बशासुद्धा एकमेकींशी बोलायला लागत. अशा घरात माणसं कानानं कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. समोरच्याचे ओठ दिसले की वाक्य पोचलं, आवाज आला काय नि न आला काय. पाठमोऱ्या माणसाशी तिथं कोणी बोलत नाही. बोलणाऱ्याकडे तोंड करून बसायचं, ही त्या घरची रीतभात, जशी दुसऱ्यांच्या घरी दार वाजवून आत जाण्याची. आणि गुपित सांगायचं असेल तर आवाज बारीक करत नाहीत, तोंडावर आडवा हात धरतात.

टकमकीला विमान चालवायचं होतं. कुठून आलं हे खूळ, वहिनी विचारत. कुठून म्हणजे काय, गच्चीवरून, डोक्यावरनं जाणारी विमानं बघून. पण खूळ म्हणावं तर पोरीनं ते नेटानं पुढे रेटलं होतं. विमान शिकवणाऱ्या शाळेची लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, जागाही मिळाली. फक्त ती जागा कच्ची होती. शरीर धडधाकट असल्याचा, मान्यता असलेल्या डॉक्टरचा दाखला महिनाअखेर हातात पडला तर जागा पक्की, नाही तर ती प्रतीक्षेत असलेल्या पुढच्या मुलीला जाणार. आणि वहिनींनी आधीच बजावून ठेवलं होतं की, पुढल्या वर्षी पुन्हा वगैरे काही नाही. हे हुकलं तर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेला बसायचं.

मान्यता असलेले ते डॉक्टर म्हणजे ज्यांच्याकडे आत्या कामाला होती, तेच.

"चष्मा आहे हो तिला," वहिनींनी काळजीला वाचा फोडली. "चष्मेवाल्याला कोण विमान देईल?"

"चष्म्यानं नीट दिसलं की झालं. जोडीला दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो, एवढंच."

"आणि ती सिमेंट भरलेली दाढ?"

"दाढेनं विमान उडवत नाहीत, वहिनी."

"हातावर भाजल्याची खूण आहे. ती दिसेलच."

"आई, मला विमान चालवायचंय," टकमक म्हणाली. "स्थळाला दाखवायला नाही नेत आहेस मला."

"स्थळ बरं. तिथं एवढं तपासत नाहीत."

आत्यानं मग समजावून सांगितलं. रक्त बघतात, लघवी बघतात, साखर बघतात. छातीला तारा चिकटवून हृदयाची रेघ काढतात. पाय पेडलपर्यंत पुरतील ना, हेही मोजतात. डोळे मिटून एका पायावर उभं करतात. रंगीत ठिपक्यांनी भरलेलं पान दाखवतात, त्या ठिपक्यांत लपलेला आकडा वाचता आला पाहिजे, कारण धावपट्टीचे दिवे लाल का हिरवे, हे विचारायला वर कोणी शेजारी नसतो. आणि शेवटी कान.

"कान म्हणजे तुमच्याच हातात की, वन्सं," वहिनींचा चेहरा उजळला. "तुम्ही मनात आणलंत तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "माझ्या हातात फक्त बटण आहे. माझ्या मनात आणून तिचे कान ऐकत नाहीत."

हे बोलली खरी, पण रात्री देवापुढे दिवा लावताना तिनं टकमकीसाठी जरा जास्तच वेळ हात जोडले.

आत्याचं आयुष्य तसं सांगण्यासारखं फार नाही. जन्म त्याच घरात. शाळा सुटली की मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसायचं, हे लहानपण. दोनदा लग्नाचं जमत आलं आणि दोनदा मोडलं. पहिल्या वेळी मुलाची आई फार हळू बोलणारी निघाली. तिचं बोलणं कळावं म्हणून आत्या तिच्या तोंडाकडे अशी रोखून बघत बसली की बाई म्हणाली, मुलगी उद्धट आहे. दुसऱ्या वेळी आत्यानं मान खाली घातली, तर प्रश्नच कळेनात. ते लोक म्हणाले, मुलगी मंद आहे. मग तिनं तो नाद सोडला आणि कान तपासायचं शिक्षण घेतलं. लोक हसले. मागाच्या घरातली मुलगी लोकांचे कान तपासणार, म्हणजे आंधळ्यानं वाट दाखवायची. पण तिनं ते काम का धरलं हे तिला एकटीलाच माहीत होतं. शिकताना तिनं पहिल्यांदा ती खोली पाहिली होती.

खोली कसली, कपाटच म्हणा. भिंतींना आतून जाड स्पंज, दार तिजोरीसारखं, एका बाजूला दुहेरी काच. त्याला बूथ म्हणतात. दार लागलं की जगाचा आवाज कापल्यासारखा थांबतो. आत्या पहिल्यांदा आत बसली तेव्हा तिला आपणच आवंढा गिळल्याचा आवाज ऐकू आला. तो एवढा मोठा असतो, याचा तिला पत्ता नव्हता. पुढे दवाखान्यात नोकरी लागल्यावर दुपारचा डबा खाऊन झाला की ती घटकाभर बूथमध्ये जाऊन बसे आणि नाम घेई. देवळातही इतकी शांतता मिळत नाही, असं ती म्हणायची. देवळात माणसं असतात.

काम सोपं होतं आणि नाजूक होतं. आत माणूस हेडफोन लावून बसतो. बाहेर काचेच्या अलीकडे आत्या मशीनपाशी. ती एकेका कानात आवाज सोडते, आधी मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक. कधी जाडा सूर, कधी शिट्टीसारखा. ऐकू आला की आतल्या माणसानं हातातलं बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. जिथं दिवा लागायचा थांबतो, तिथं त्या कानाची शीव.

सुरुवातीच्या दिवसांत आत्याचे हात कापत. म्हणून आवाज सोडताना ती ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायला लागली. हात कापायचे थांबले, नाव राहिलं. ज्याच्या कानात आवाज चाललाय त्याला तो पोचू दे, एवढंच त्यातलं मागणं. ओठ हलत, आवाज नाही. आणि ते दिसायचंही कोणाला? आतली खुर्ची काचेकडे कूस करून, तिरकी ठेवायची असते. आतला माणूस भिंतीकडे बघत बसतो.

परवाचा दिवस उजाडला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत नेहमीची मंडळी होती. टाय लावून आलेला, पाण्यावर पाणी पिणारा एक नवखा. ठरावीक महिन्यांनी दाखला नवा करून घ्यायला येणारे दोन जुने कप्तान, जे वादळाला भीत नाहीत आणि रक्तदाबाच्या पट्ट्याला भितात. आणि वहिनी, मांडीवर पिशवी घेऊन, जणू गाडी सुटायचीय.

टकमकीचं सगळं सुरळीत पार पडत गेलं. ठिपक्यांतले आकडे तिनं भराभर पानं उलटत वाचले. एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं, पडदे ठीक होते. मग तिला पाठमोरी उभी करून ते मागून साध्या आवाजात काही शब्द बोलले, ते तिनं जसेच्या तसे परत सांगितले. उरला तो बूथ.

आत्या आधी डॉक्टरांकडे गेली. "सर, ही माझी भाची. हिचे कान दुसऱ्या कोणी बघितले तर बरं."

"दुसरं आहे कोण इथे?" डॉक्टर पुढच्याच्या छातीवर तारा लावत म्हणाले. "मशीनला आत्या-भाची कळत नाही, ताई. घ्या करून."

तिनं टकमकीला आत नेलं, हेडफोन लावला, बटण हातात दिलं. बाहेर येऊन मशीनपाशी बसते तोवर टकमकीनं खुर्ची सरकवून सरळ काचेकडे तोंड करून घेतली होती. आत्यानं ते पाहिलं. दुसरं कोणी असतं तर तिनं दार उघडून खुर्ची परत तिरकी केली असती. पण समोर घरचं माणूस होतं, आणि घरचं माणूस तोंडासमोर बसलं यात तिला काही वावगं वाटलंच नाही. पाठ करून बसली असती तर उलट खटकलं असतं.

आवाज सोडला. दिवा लागला. आणखी बारीक. लागला. उजवा कान झाला, डावा झाला. मशीनच्या अगदी तळाच्या आवाजालाही दिवा लागला. आत्यानं खुणा जोडून रेघ काढली आणि दोन्ही रेघा बघून तिचा ऊर भरून आला. एकही वळण नाही. धुतल्या तांदळासारखे कान. देवा, तुझी लेकरावर कृपा, ती मनात म्हणाली.

आणि तिथंच तिचं मन अडखळलं.

मागाच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या रेघेला एक खळगा असतो. शिट्टीसारख्या वरच्या सुरापाशी रेघ खाली बसते आणि पुन्हा वर येते. वर्षानुवर्षं मागाचा खडखडाट त्याच जागी मार देतो. दादाला तो होता, गल्लीतल्या ज्या ज्या विणकराचे कान तिनं तपासले त्या सगळ्यांना होता, तिचा स्वतःचा तर चांगला बोटभर होता. दाखला त्यानं अडत नाही, नियमानं त्याला थोडी सूट आहे. पण मागावर वाढलेली पोर आणि खळगाच नाही, म्हणजे कोळशाच्या वखारीत बसून पांढरा सदरा. शिवाय दोन्ही कानांच्या रेघा एकमेकींच्या जुळ्या. जुळ्या बहिणींचेही कान इतके सारखे नसतात.

काचेपलीकडे टकमक बसली होती, डोळे मोठे करून, आत्याच्या तोंडाकडे बघत.

आत्यानं मशीनवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. काहीच न सोडता ओठांत देवाचं नाव घेतलं.

दिवा लागला.

पुन्हा घेतलं. पुन्हा लागला. टकमक शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती.

मग आत्यानं डावा हात तोंडावर आडवा धरला, घरात गुपित सांगताना धरतात तसा, आणि उजव्या हातानं डाव्या कानात आवाज सोडला. बारीक नाही, चांगला ठणठणीत. दिवा लागला नाही.

"झालं का, ताई?" डॉक्टरांनी आतल्या खोलीतून विचारलं.

रेघ काढलेला कागद टेबलावर तयार होता. तो उचलून चार पावलं चालायची, की डॉक्टरांची सही आणि टकमकीची जागा पक्की. अर्धवट उघड्या दारातून वहिनींची पिशवी आणि पिशवीवर घट्ट धरलेले हात दिसत होते. पोरीनं लबाडी केली नव्हती, आत्यानंही केली नव्हती. कोणीच काही केलं नव्हतं आणि कागद मात्र खोटा झाला होता. आत्यानं डोळे मिटले. विमान चालवणाऱ्याशी जो माणूस जमिनीवरून बोलतो, तो दिसत नाही. त्याला ओठ नसतात.

"थोडं थांबा, सर," ती म्हणाली आणि तिनं बूथचं दार उघडलं.

"संपलं?" टकमकीनं हेडफोन काढायला हात नेला.

"नाही. खुर्ची फिरव. भिंतीकडे तोंड कर."

"का गं? मग तू दिसणार नाहीस."

"म्हणूनच."

टकमक हसली, पण आत्या हसली नाही, तेव्हा तिनं खुर्ची फिरवली.

या वेळी उजव्या कानाला खळगा निघाला. लहानसा, मर्यादेच्या आतला, कष्टकऱ्याच्या घरातला प्रामाणिक खळगा. आत्याला तो बघून बरं वाटलं. मग तिनं डाव्या कानाकडे मोर्चा वळवला. सोडला, दिवा नाही. वाढवला, नाही. आणखी वाढवला. टकमकीची वेणी जागची हलली नाही. बटणावरचा अंगठा तयारीत होता आणि तसाच राहिला.

"आत्या," बूथमधल्या माइकवरून आवाज आला, "सुरू केलंस का? का मशीन बिघडलं?"

आत्यानं वाढवत नेलं. अखेर दिवा लागला, पण तोवर नियमाची रेघ कधीच मागे पडली होती.

ती दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि घडलं ते सांगितलं. खुर्ची, ओठ, देवाचं नाव, सगळं.

"म्हणजे तुम्ही प्रत्येक आवाजाला ओठ हलवता," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"आणि खुर्ची तिरकी का नव्हती?"

"माझी चूक, सर. घरची म्हणून लक्षात आलं नाही."

"घरची म्हणून तुमच्या लक्षात तरी आलं," डॉक्टर म्हणाले. "यापुढे काचेला पडदा लावू." मग स्वतः उठून बूथपाशी गेले. कानामागच्या हाडाला लावायची एक थरथरणारी चकती असते, ती त्यांनी टकमकीच्या डाव्या कानामागे धरून पुन्हा तपासलं. हाडातून दिलेला आवाज तिला पोचत होता.

त्यांनी दोघींना समोर बसवलं. वहिनींनाही आत बोलावलं.

"डावा कान कमी ऐकतो. पडदा चांगला आहे, नसही चांगली दिसते. मधे कुठेतरी अडतंय. आत तीन बारीक हाडं असतात, त्यांतलं एखादं जखडलं असू शकतं. ते कानाचे मोठे डॉक्टर बघून सांगतील. मी आज लिहितोय, सध्या अपात्र. यातला सध्या हा शब्द नीट ऐका."

"पण मघाशी तुम्ही मागून बोललात, ते सगळं मला ऐकू आलं," टकमक म्हणाली.

"तेव्हा दोन्ही कान एकत्र होते. एक चांगला कान दुसऱ्याची अब्रू झाकतो."

"आणि बूथमध्ये? पहिल्या वेळी? मला खरंच ऐकू आलं होतं, डॉक्टर. शपथ. मी खोटं नाही दाबलं."

"खोटं कोण म्हणतंय? तुम्हाला दिसलं होतं. तुमच्या घरात त्यालाच ऐकणं म्हणतात, असं तुमच्या आत्या सांगतायत."

टकमकीनं आत्याकडे पाहिलं. सवयीनं तिच्या ओठांकडे. ते मिटलेले होते.

वहिनींनी दवाखान्यात तोंड उघडलं नाही, ती कसर रस्त्यात भरून काढली. "घरचं माणूस म्हणून विश्वासानं आणली हो. परक्याकडे नेली असती तर निदान..."

"परक्याकडे खुर्ची तिरकी असती, वहिनी. पहिल्या फटक्यात नापास झाली असती."

"तुम्हाला काय! एक कागद होता हातात. एक कागद. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

टकमक दोघींच्या पुढे चालत होती, आणि ती पाठमोरी असल्यामुळे तिला यातलं कितपत पोचलं, कोण जाणे.

त्यानंतर वहिनींनी आत्याशी थेट बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते भिंतीला नाही तर भांड्यांना उद्देशून. "भात झालाय म्हणावं कोणाला खायचा असेल तर." आत्या भांड्यांनाच उत्तर द्यायची, "येते म्हणावं." महिनाअखेर आली आणि गेली. जागा गेली.

दादाशी तिचं बोलणं झालं ते खाली, मागांच्या मधे. सगळे माग चालू होते. तो एका टोकाला तुटलेला धागा जोडत होता, ती दुसऱ्या टोकाला उभी. त्यानं मान वर करून नुसते ओठ हलवले, "डावा?"

"डावा," तिनं तसंच सांगितलं.

"ती नेहमी उजवा कान उशीत घालून झोपायची," दादाचे ओठ म्हणाले. "माग धडधडत असले तरी हलायची नाही. आम्ही म्हणायचो, काय गाढ झोपते पोर. कौतुक करायचो."

आत्यानं मान हलवली. तीही तेच कौतुक करत आली होती. पोर फोन नेहमी उजव्याच कानाला लावायची, जेवताना सगळ्यांच्या डाव्या हाताला बसायचा हट्ट धरायची. सगळं समोर घडलेलं, आणि कान तपासून पोट भरणारी बाई त्याच घरात राहत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दादा पुढे आणखी काहीतरी बोलला, पण तोवर त्यानं तोंड धाग्याकडे फिरवलं होतं. मागाच्या घरात तोंड फिरवून बोललेलं कोणी पुन्हा विचारत नाही.

टकमक मात्र रागावलेली वाटत नव्हती. ती काही दिवस गच्चीवर गेली नाही, एवढंच. मग एका सकाळी आत्या कामावर जायची तयारी करत असताना येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"त्या प्रतीक्षेतल्या मुलीचा फोन आला होता. लेखी परीक्षेला माझ्या पुढच्याच बाकावर होती. आभार मानत होती. अशा वेळी काय म्हणायचं असतं गं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कान सांभाळ."

आत्याला हसू आलं, ते तिनं दाबलं नाही.

"पहिला कागद दिला असतास तर?" टकमकीनं विचारलं. आवाजात टोचणी नव्हती. हिशेब मांडावा तसं विचारलं.

"तर तू गेली असतीस."

"मग?"

"मग पुढच्या तपासणीला कुठेतरी खुर्ची तिरकी असती."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत देवाच्या भरवशावर उडाली असतीस," आत्या म्हणाली. "मी त्याचं नाव घेते, टकमक, पण एवढं ओझं त्याच्यावर टाकत नाही."

टकमकीनं पुढचं विचारलं, "हाड जखडलेलं असेल तर?"

"ऑपरेशन असतं. त्यानंतर काही महिने थांबवतात, मग पुन्हा सगळं तपासतात. काहींना दाखला मिळतो."

"आणि काहींना?"

"काहींना नाही मिळत."

"बरं." तिनं डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून सोडली. "मोठ्या डॉक्टरांकडे उद्याची वेळ मिळालीय. तू चल माझ्याबरोबर. आई आली तर डॉक्टरांना बोलूच देणार नाही."

"ऐकलं हं मी!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्या दुसऱ्या गावच्या, लग्न होऊन आलेल्या. त्यांचे कान शाबूत होते.

हात पुसत त्या दारात आल्या. भांड्यांकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही. "वन्सं, सगळे कागद एकेकच आहेत. हे मोठे डॉक्टर कागद ठेवून घेतात आणि मग देत नाहीत, माझ्या बहिणीच्या वेळी असंच झालं. दोन-दोन नकला काढून ठेवा. आजच काढा, उद्या घाईत राहून जाईल."

"कामावर जाता जाता काढते," आत्या म्हणाली.

"जाता जाता नको. आधी काढा, मग जा."

टकमकीनं कागदांची पिशवी आणून दिली. आत्यानं ती काखोटीला मारली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नकला काढायला गेली.